इंजिनिअरिंग फर्स्ट इयरचे विषय मोबाईलमुळे राहतात? नाही पटत

मूळ पोस्ट – एक पालक, मनीषनगर, नागपूर
मुलाला बारावीत उत्तम टक्के, सीईटीत ९४ पर्सेंटाइल. पहिल्याच सेमला एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि ड्रॉइंग दोन्ही गेले. कारण एकच, मोबाईल. या पिढीला कष्ट नकोत. होस्टेलवर ठेवू नका, घरून ये-जा करू द्या, फोन काढून घ्या. आपोआप पास होतील.

मेकॅनिकल, सेकंड इयर (मूळचा वणीचा)
काका, सकाळपासून तुमची पोस्ट डोक्यात फिरून राहिली, म्हणून सविस्तरच लिहितो.

त्याला ज्या क्लासला टाकलं होतं, तिथं दोन वर्षं काय शिकवलं ते आधी विचारा. सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न. प्रत्येकी दोन मार्क, चुकलं तरी कापत नाहीत. चार पर्याय समोर, किंमत टाकून बघायची, जे बसेल ते टिचकवायचं. आम्ही त्यात तरबेज झालो. विद्यापीठाच्या पेपरात मात्र समोर कोरं पान असतं. केली-हॅमिल्टनचं प्रमेय लावून मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढा म्हटलं की पायरीपायरीनं लिहावं लागतं. दोन वर्षं ज्यानं पेननं सलग एक पानही गणित लिहिलं नाही, त्याचा हात तीन तास कसा चालेल?

क्लासशी टाय-अपवालं ज्युनिअर कॉलेज असेल तर बघायलाच नको. तिथं हजेरी कागदावर लागते, प्रॅक्टिकलच्या वह्या एकमेकांच्या बघून उतरवतात. माझ्या बॅचमधल्या कित्येकांनी व्हर्निअर कॅलिपर पहिल्यांदा इथं येऊन हातात घेतला.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, शेवटच्या फेरीत ज्यांची ॲडमिशन झाली त्यांची वेगळीच दैना. ती पोरं येईपर्यंत इंडक्शन संपलेलं, मॅट्रिक्सचं युनिट निम्मं झालेलं, ग्रुप बनून गेलेले. त्रिमूर्तीनगरच्या रूमवर एकटं बसलेलं पोरगं फोन नाही बघणार तर काय करेल?

मूळ पोस्टकर्ता
बेटा, तू अजून बाप झाला नाहीस. आम्हीही कोऱ्या पानावर लिहूनच पास झालो, तेही क्लासशिवाय.

मेकॅनिकल, सेकंड इयर
तेच म्हणतोय ना काका! तुम्हाला अकरावी-बारावीत लिहायची सवय लागली. त्याची ती सवय आपण सगळ्यांनी मिळून मोडली.

आयटी, थर्ड इयर, कामठी
घरून ये-जा करणारी पोरं सुखात असतात हे कोणी सांगितलं? मी तीन वर्षं करतेय. कामठीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत ऑटो, मग मेट्रो, सीताबर्डीला लाईन बदलून लोकमान्यनगर, पुढे वानाडोंगरीकडे परत ऑटो. पाठीवर बॅग, काखेत ड्रॉइंग शीटचा कंटेनर, हातात रेघा मारायचा ड्राफ्टर. घरी पोचेपर्यंत जीव निघून जायचा. आणि कशासाठी? आयटीवालीला आयुष्यात कधी हातानं प्रोजेक्शन काढायचं आहे का? इंजिनिअरिंग ड्रॉइंग हाच विषय बंद करा, निम्मे बॅकलॉग तिथंच संपतील. खरं सांगते, निम्मा वर्ग जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारतो. काचेखाली बल्ब, वर सीनिअरची शीट, झालं सबमिशन.

हिंगणा एमआयडीसीत जॉबवर्क करणारा
ताई, जीटी तुम्ही मारता अन् बंद विषय करायचा? माह्या शॉपवर दरवर्षी पोट्टे येतात. कॅडवर बोटं भराभर चालतात, पण छापील ड्रॉइंग हाती दिलं की गप. मागं एका पोट्ट्यानं बाहेरच्या कंपनीचं ड्रॉइंग घेतलं. ते होतं थर्ड अँगलमधी, म्हणजे उजव्या बाजूनं दिसते ते उजवीकडंच काढलेलं, कोपऱ्यात चिन्ह छापेल होतं. आपल्याकडे शिकवतात फर्स्ट अँगल, त्यात ते डावीकडं काढतात. त्यानं चिन्ह पाह्यलंच नाही. उजवीकडचा स्लॉट डावीकडं कापला. पूर्ण लॉट भंगारात. पैसे मी भरले.

आयटी, थर्ड इयर, कामठी
त्याचं नुकसान झालं म्हणून साठ जणांच्या वर्गाला रात्रभर शीटवर बसवायचं? तो तर हातानं शीट काढूनच पास झालेला असेल ना? मग तुमचा उपाय लागू पडला कुठं?

हिंगणा एमआयडीसीत जॉबवर्क करणारा
त्यानंही जीटीच मारली होती, मी विचारलं होतं. तुम्हाले एसीत बसून बोलाले काय जाते?

आयटी, थर्ड इयर, कामठी
एसी? भर उन्हात कामठीच्या ऑटोत बसून बघा एकदा. चिन्हाचा मुद्दा मानते, वाचता आलंच पाहिजे. पण वाचायला शिकवा ना! एखादा खरा जॉब, म्हणजे मशीनचा पार्ट, वर्गात आणा, प्रत्येकाच्या हातात द्या, त्याचे समोरून, वरून, बाजूनं असे तीन व्ह्यू काढून घ्या. आमच्याकडे फळ्यावरून उतरवून घेतात, लाईन जाड की बारीक यावर शीट फाडतात.

फर्स्ट इयरला गणित शिकवणारा
शीट फाडणारे आहेत, नाकारत नाही. पण मलाही बोलायचं आहे. वर्गात एका बाकावर बीटा-गॅमा फंक्शन आधीच क्लासला करून आलेला मुलगा, शेजारी इंटिग्रेशनलाच घाबरणारी मुलगी. सिलॅबस ठरलेल्या आठवड्यांत संपवायचा. परीक्षेनंतर पालक येतात आणि ७५ टक्के हजेरी असूनही विषय कसा राहिला म्हणून विचारतात. बाकावर बसला म्हणजे गणित सोडवलं असं नसतं. सप्टेंबरमध्ये मी रोज तास संपल्यावर थांबतो, शंका विचारायला मोजकीच मुलं येतात. बाकीच्यांना लाज वाटते. बारावीला हुशार म्हणून मिरवलेल्या मुलाला ‘मला येत नाही’ म्हणणं फार जड जातं.

मूळ पोस्टकर्ता
हे मात्र आमच्याकडे झालंय. निकाल लागेपर्यंत बोलला नाही. फोन मी परत देणार नाही, तुम्ही सगळे काहीही म्हणा. पण एम-वनची तयारी कशी करायची ते सांगा.

मेकॅनिकल, सेकंड इयर
फोनचं तुमचं तुम्ही बघा. सीताबर्डीत जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे मागच्या पेपरांचे संच मिळतात. दर रविवारी घड्याळ लावून एक पेपर लिहायला बसवा, पूर्ण तीन तास, उत्तरं न बघता. पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स आधी घ्या, त्यात हात लवकर बसतो. अडलं तर मी गोपालनगरात राहतो, पाठवा त्याला. आणि निकालाचं नाव एक महिना काढू नका.

हिंगणा एमआयडीसीत जॉबवर्क करणारा
अन् ड्रॉइंगसाठी शनिवारी माह्या शॉपवर पाठवा. जॉब हातात देतो, व्ह्यू त्यानंच काढाचे. ताई, तुम्हीही या.