उत्तर: दहशतवादी संबंध आणि अमेरिकेचा व्हिसा

मंडळी,
दहशतवाद्यांशी संबंध असलेल्यांना अमेरिकेत येऊ देऊ नये, यात चर्चा कसली? कायदा आहे, तो पाळावा.
– काका

काका, नमस्कार.
दहशतवाद्याला येऊ देऊ नयेच. पण कायदा कोणाकोणाला त्यात धरतो, तेही पाहायला हवं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 212 नुसार बॉम्ब ठेवणारा प्रवेशाला अपात्र, तसाच त्याला ‘मटेरियल सपोर्ट’ म्हणजे प्रत्यक्ष मदत देणाराही. पैसे, आसरा, गाडीतून सोडणं, सगळं यात येतं. संघटना परराष्ट्र खात्याच्या दहशतवादी यादीत असायलाच हवी असंही नाही. 2001 च्या पॅट्रियट अ‍ॅक्ट या दहशतवादविरोधी कायद्यापासून दोन माणसांचा सशस्त्र गटही पुरतो.

ब्रह्मदेशातल्या चिन जमातीच्या एका बाईंनी लष्करी राजवटीशी लढणाऱ्या चिन नॅशनल फ्रंटला पैसे दिले होते. परत गेल्यास छळ होईल ही त्यांची भीती खरी मानली गेली, तरी 2006 मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने आश्रय नाकारलेलाच ठेवला. पुढे त्यांना या अपात्रतेतून सूट मिळाली. मंडेलांच्या पक्षाला या बंधनातून सोडवायलाही 2008 उजाडलं!
– एक सभासद

ताई,
मी मुंबईचा आहे. हेडलीने 2006 मध्ये नाव बदललं आणि अमेरिकन पासपोर्टवर मुंबईत येऊन ताजची रेकी केली. 26/11 ला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ढिलाई मला सहनच होत नाही.
– काका

काका,
तुमचा संताप माझाही आहे. पण हेडली लष्कर-ए-तैयबाच्या छावण्यांत शिकून आला होता. अशा माणसाला हुडकायला चौकशीच लागते. बंदुकीच्या धाकाने एलटीटीईला (श्रीलंकेतली तमिळ बंडखोर संघटना) खंडणी देणाऱ्या तमिळ दुकानदाराची फाइल अडवून तो सापडत नाही. सक्तीने दिलेल्या मदतीला 2007 पासून सूट मिळू शकते, पण तिचा वेगळा फॉर्मच नाही. सगळं अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. ती सूट हक्काने मागता यावी, एवढंच माझं म्हणणं.

ओळखीत कोणाचं असं प्रकरण असेल, तर अशी मदत केली का, या फॉर्मवरच्या प्रश्नाला घाबरून ‘नाही’ लिहू देऊ नका. खोटं उत्तर हे प्रवेश नाकारायला वेगळं कारण ठरतं. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला सगळं खरं सांगायला लावा: धमकी कोणी दिली, काय दिलं, नकार दिला असता तर काय झालं असतं.
– एक सभासद