चागोस देऊन स्वातंत्र्य घेतलं, हे रामगुलाम यांचं चुकलंच

माडसावली: मे २०२५मध्ये ब्रिटनने हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसला द्यायच्या करारावर सही केली. तेव्हापासून 'न्याय झाला' असं जो तो म्हणतोय. पण बेटं गेली कशी? सप्टेंबर १९६५मध्ये, मॉरिशस ब्रिटिश वसाहत असताना, तिथले नेते शिवसागर रामगुलाम स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी लंडनला गेले आणि ३० लाख पौंडांच्या भरपाईवर चागोस ब्रिटनला तोडून द्यायला राजी झाले. पुढे चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ आला. १९७३पर्यंत चागोसवरची सगळी माणसं बोटीत घालून मॉरिशस-सेशेल्सला नेऊन सोडली. त्यांची कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. दुसऱ्याचं घर देऊन आपलं स्वातंत्र्य घ्यायचं नसतं.

ऊसकरी: 'राजी झाले' म्हणू नका. भेटीआधी ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन यांना दिलेलं टिपण आता उघड झालंय. रामगुलामांना आशा दाखवून घाबरवायचं, असंच त्यात आहे. बेटं द्या, नाहीतर स्वातंत्र्याचं बघू! आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही २०१९मध्ये सांगितलं की ही लोकांची मोकळी, खरी इच्छा नव्हती. १८३४पासून जवळपास साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, मॉरिशसच्या उसात राबायला आले, त्यांत मुंबईहून गेलेली आपली मराठी माणसंही होती. त्यांच्या पोराबाळांना सरसकट मताचा हक्क मिळाला तो १९५९च्या निवडणुकीत. अशा लोकांचा पुढारी लंडनहून रिकाम्या हाताने परतला असता, तर त्याला काय म्हणाला असतात?

माडसावली: दबाव होता, मान्य. पण १९६७च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला पडली होती. म्हणजे घाई सगळ्यांना नव्हती. शिवाय चागोसचे निर्वासित मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा सरकार मॉरिशसचंच होतं ना? भरपाईच्या पैशांसाठी त्यांना वर्षानुवर्षं झोपडपट्टीत ताटकळत ठेवलं, ते काही विल्सनने नाही.

ऊसकरी: या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिथे मॉरिशस कमी पडलंच. तरी मूळ गुन्हा ब्रिटनचा, हे मी सोडणार नाही.

खारेवारे: तुम्ही दोघं लंडन आणि पोर्ट लुईबद्दलच भांडताय. चागोसच्या लोकांना १९६५ला कुणी विचारलं नाही, आणि २०२५च्या वाटाघाटींतही टेबलावर त्यांना खुर्ची नव्हती. करारानुसार दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्याच ताब्यात राहणार, त्यापोटी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड मॉरिशसला मिळणार. पुन्हा वस्ती करायची ती बाकीच्या बेटांवर. ज्या आजीचा जन्म दिएगो गार्सियाचा, तिने कुठे जायचं?