मदत हवी आहे: पॅरिसच्या जुन्या बाजारातून तांब्याचं पातेलं आणि चांदीचे चमचे

खलबत्ता:
ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जायचंय, बाजारासाठी एक शनिवार-रविवार हातात आहे. रोज स्वयंपाकात वापरता येईल असं जुनं, दांड्याचं तांब्याचं पातेलं आणि सहा चांदीचे चमचे घ्यायचेत. शोभेच्या वस्तू नकोत. व्हाँवला जावं की सँ-तुआँला? तांबं जाड आहे का आणि कल्हई नव्याने करता येईल का, हे उभ्याउभ्या कसं ओळखायचं? चमचा चांदीचा की मुलाम्याचा? आणि मुंबईला उतरल्यावर कस्टमचं काय?

अडगळ:
शनिवारी सकाळी व्हाँव, रविवारी सँ-तुआँ. उलट करू नका.

व्हाँवचा बाजार फुटपाथवर भरतो, फक्त शनिवार-रविवार. मेट्रो १३ने पोर्त द व्हाँवला उतरायचं. सकाळी सातला मांडामांड सुरू होते आणि दुपारी एकच्या सुमाराला लोक गुंडाळायला लागतात. चमचे, कात्र्या, डबे, बशा असा किरकोळ माल इथेच जास्त. नऊच्या आत पोचा.

सँ-तुआँ म्हणजे बाजारांचा बाजार आहे. शनिवार, रविवार, सोमवार चालतो, पण सोमवारी अर्ध्या दुकानांची शटरं खाली असतात. मेट्रो ४ने पोर्त द क्लिन्याँकूरला उतरलात की आधी जीन्स, बूट आणि नकली पर्सेसची गर्दी लागते. तो जुना बाजार नव्हे. खिसे सांभाळत सरळ चालत राहा, रिंगरोडच्या पुलाखालून पलीकडे गेलात की र्यू दे रोझिए हा रस्ता लागतो. तुमच्या कामाचा बाजार व्हेर्नेझाँ, १९२०चा, बोळाबोळांचा. पोल बेर-सेर्पेतमध्ये सजावटवाल्यांचा माल असतो, तिथे नुसते डोळे निववा.

भावाचं म्हणाल तर आधी ‘बाँझूर’, म्हणजे नमस्कार. ते न म्हणता वस्तू उचलली की विक्रेत्याचा चेहराच बदलतो. दहा-पंधरा टक्के सुटतात, दोन वस्तू एकत्र घेतल्या तर थोडे जास्त. निम्म्या भावाला मागायची आपली सवय तिथे चालत नाही. दहा-वीस युरोच्या नोटा जवळ ठेवा.

नवसागर:
तांब्याबद्दल लिहितो. सोबत प्लास्टिकचा व्हर्नियर, छोटं लोहचुंबक आणि बॅग तोलायचा आकड्याचा वजनकाटा ठेवा.

पहिलं काम जाडी मोजायचं. व्हर्नियर काठाला लावा. दोन ते अडीच मिमी म्हणजे स्वयंपाकाचं भांडं. दीड मिमीच्या खाली गेलात तर मध्ये करपतं, कडेला कच्चं राहतं. मिमीभर जाडीची, ठोक्यांच्या नक्षीची, पितळी दांड्याची भांडी पर्यटकांसाठी ढिगाने बनली; भिंतीवर छान दिसतात, तिथेच राहू द्या. काठ बाहेर वळवलेला असेल तर व्हर्नियर फसतो, तेव्हा वजन करा. २० सेंमी व्यासाचं, ११ सेंमी खोल पातेलं अडीच मिमीचं असेल तर नुसतं तांबंच सव्वादोन किलोच्या आसपास भरतं, दांडा वेगळा. तेच दीड मिमीचं असेल तर एक किलो साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. चुंबक अंगाला चिकटलं तर आत लोखंड आहे, सोडून द्या. दांड्याला चिकटलं तर उत्तम, बिडाचा दांडा स्वयंपाकघरातल्या भांड्याचं लक्षण.

मग भांडं उजेडाकडे धरून भोकं बघा. सपाट फरशीवर ठेवून बोटाने दाबा. डुगडुगलं तर बूड फुगलंय. दांडा हलवून रिवेट तपासा. पोचा असला तर काही बिघडत नाही.

कल्हई राखाडी, मळकट असणं ठीक. गुलाबी तांबं दिसत असेल तर भाव पाडायला तेवढं पुरे, कारण कल्हई कुठल्याही परिस्थितीत नवी करायचीच आहे. आत कथलाचे गोळे साचलेले दिसले तर कुणीतरी रिकामं भांडं आचेवर विसरलंय: कथील २३२ अंशांना वितळतं. त्याच कारणाने कल्हईच्या भांड्यात फोडणी करू नका, लोखंडी पळीत करून वरून घाला. कल्हईवाल्याला शुद्ध कथील वापरायला सांगा, शिसं मिसळलेलं नको. बाहेरून पारदर्शक लॅकर मारलेलं असेल तर ते अ‍ॅसिटोनने काढल्याशिवाय भट्टीवर द्यायचं नाही. हिरवट डाग चिंच-मिठाने जातात. इंडक्शनवर तांबं चालत नाही, हे धरून चला.

कसोटी:
चमच्यांसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच. १८३८पासून फ्रेंच चांदीवर शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा या रोमन देवीचं डोकं असतं. जुन्या वस्तूंवर शेजारी १ म्हणजे हजारात ९५० भाग चांदी, २ म्हणजे ८००. याखेरीज कारागिराचा शिक्का उभ्या शंकरपाळ्याच्या चौकटीत असतो. चौकट चौरस असेल तर मुलामा, मग विक्रेता काहीही म्हणो. पाटीवर ‘आर्जाँ मासिफ’ म्हणजे भरीव चांदी, ‘मेताल आर्जाँते’ म्हणजे मुलामा.

फसगत होते ती ८४ या आकड्यावर. फ्रेंच मुलाम्याच्या चमच्यांवर ८४ म्हणजे ठरावीक नगांवर मिळून ८४ ग्रॅम चांदी चढवली, इतकंच. रशियन वस्तूवरचा ८४ मात्र खऱ्या चांदीचा, ८७५ कसाचा. त्यामुळे नुसता आकडा वाचू नका, शेजारची चौकट बघा. शिक्का घासला गेला असेल तर चमचा उलटा करा: टेबलाला टेकतो त्या फुगीर जागी मुलामा आधी जातो आणि खालचा पिवळट धातू दिसतो. सुऱ्या वजनावर घेऊ नका. मुठीत पातळ पत्रा आणि आत राळेसारखं भरण असतं.

हस्तिदंती मूठ कितीही जुनी असली तरी नको, भारतात आणता येत नाही. कासवाच्या पाठीच्या वस्तूंचंही तेच.

अडगळ:
कस्टम: २०१६च्या बॅगेज नियमांत दागिन्यांखेरीज कुठल्याही रूपातली चांदी शुल्कमुक्त सवलतीतून वगळलेली होती. म्हणजे चमचे सवलतीत बसतील असं गृहीत धरू नका. सवलतीची रक्कम आणि शुल्काचे दर बदलत असतात, निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर ताजे नियम बघा. शंका असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करा. विक्रेत्याकडून तारीख, वस्तू, धातू आणि रक्कम लिहिलेली ‘फाक्त्यूर’, म्हणजे पावती घ्या. फुटपाथवरचा विक्रेताही वहीतला कागद फाडून लिहून देतो. पातेलं चेक-इन बॅगेत, चाकांच्या बाजूला, आत कपडे कोंबून. दांडा बॅगेच्या कडेला टेकू देऊ नका, धक्क्याने रिवेट सैल होतात.

खलबत्ता:
आभार! नवसागर, एका विक्रेत्याच्या फोटोत पातेल्याचा आतला भाग चकचकीत आहे आणि त्यावर बारीक, एकसारख्या गोल रेषा दिसतात. ही ताजी कल्हई का?

नवसागर:
नाही, ते स्टेनलेस स्टीलचं अस्तर. कल्हईवर कापसाच्या बोळ्याचे फराटे दिसतात, वेडेवाकडे, आणि कथील मऊ म्हणून पळीचे ओरखडेही उठतात. स्टीलचं अस्तर वापरायला वाईट नाही, कल्हईचा खर्चही वाचतो. पण ते भांडं अलीकडचं आहे, जुन्याच्या भावाने घेऊ नका.