मिळकत तेवढीच, पण २४ तास पाणी असलं की हात सैल का वाटतो?

कळशी:
दोन घरांची मिळकत सारखी. एकाकडे दिवसाआड तासभर पाणी, दुसऱ्याकडे २४ तास. पाणीपट्टीत फार फरक नाही, तरी दुसऱ्याला ऐपत जास्त असल्यासारखी वाटते. हा फरक मोजायचा तर काय काय धरायचं?

खर्चवही:
पाणीपट्टी हा यातला सगळ्यात छोटा आकडा. दरडोई १३५ लिटर धरले तर चौघांना रोज ५४० लागतात. दिवसाआड पाणी म्हणजे जवळपास १,१०० लिटरची साठवण, पाण्याचा एक दिवस चुकला तर दुप्पट. म्हणजे खालची टाकी, गच्चीवरची टाकी, मोटर, टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह, वर पाणी शुद्ध करायला आरओ आणि त्याचे फिल्टर. १ एचपीची मोटर रोज अर्धा तास चालली तरी महिन्याला ११-१५ युनिट वीज जाते. पण सगळ्यात आधी वेळ धरा. पाण्यासाठी जिला कामाची सकाळची पाळी सोडावी लागते, तिचं नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

चावीवाला:
आरओ का लागतो तेही बघा. पुरवठा थांबला की लाइन रिकामी होते. त्यात कोणी थेट लाइनला मोटर लावली की दाब शून्याखाली जातो आणि सैल सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटल्यावर आधी हवा येते, ती मीटर फिरवते. लोकांची ही तक्रार खरी आहे. लाइनला सतत दाब असला तर गळतीतून पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. टोकाच्या नळाला १२ मीटर दाब, म्हणजे पाणी आपोआप १२ मीटर उंच चढेल इतका जोर, मिळाला तर दुमजली घराला मोटर लागत नाही.

कळशी:
पण २४ तास दिलं तर लोक वाट्टेल तसं वापरतील ना?

चावीवाला:
आज उलट होतं. पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून देतात, आणि कोरडे नळ उघडे राहतात ते वेगळंच. कराडजवळच्या मलकापुरात २४ तास पाणी मीटरने दिलं, वापर वाढेल तसा चढता दर लावून. ओडिशात पुरीला २०२१ पासून थेट नळाचं पाणी पितात.

क्रम मात्र चुकवू नका. आधी वस्तीचे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला एक मोठा मीटर, प्रत्येक घराला एक, मग गळती काढायची. आधीच पाणी सोडलं तर दुपारपर्यंत उंच टाकी रिकामी आणि शेवटची गल्ली कोरडी. रात्री २ ते ४ भागाच्या मीटरचा काटा पाहा. सगळे झोपलेले असताना जे वाहतं ते बहुतेक गळतीचं, नाहीतर कुणाचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकलेला.