मदत हवी आहे: फिकट चट्ट्यांची तपासणी विद्यार्थ्यांच्या हातात कशी बसवावी?

त्वचारोगाच्या पोस्टिंगला आलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी क्रम असा ठेवला आहे. आधी निदानाचं नाव काढायचं नाही, फक्त वर्णन: कडा, रंग, कोंडा, केस, घाम. मग काचपट्टीच्या कडेने हलकं खरवडायचं. शिबं (त्वचेवरची बुरशी) असेल तर बारीक कोंडा सुटतो. तो 10 टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) 10-15 मिनिटं ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. इथे कापसाचे धागे नि हवेचे बुडबुडे बुरशी म्हणून खपतात, पण कंडेन्सर (सूक्ष्मदर्शकातलं उजेड एकवटणारं भिंग) खाली घेऊन उजेड कमी केला की तेवढं निभतं.

खरं घोडं अडतं ते कुष्ठरोगासाठीच्या संवेदना-तपासणीत. विद्यार्थी कापूस त्वचेवरून ओढतात आणि ‘कळतंय ना?’ विचारतात. रुग्ण भिडेपोटी ‘हो’ म्हणतो, संपलं! आधी डोळे उघडे असताना समजावून, मग डोळे मिटवून, चट्ट्यावर आणि निरोगी त्वचेवर उलटसुलट क्रमाने कापूस नुसता टेकवून, रुग्णाला बोटाने जागा दाखवायला लावणं, हे वारंवार सांगूनही विसरतात. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असू शकते, त्यामुळे लहान मुलांच्या गालावरच्या डागांपाशी गोंधळ आणखी वाढतो. कुष्ठरोगात जाड होऊ शकणारी कोपरामागची अल्नर नस (मज्जातंतू) तर दोन्ही बाजूंची तुलना न करताच ‘जाड’ ठरवतात.

प्रत्येक बॅचला कुष्ठरुग्ण मिळत नाही. अशा वेळी एकमेकांवर सराव घेता का? ऑस्कीत (टप्प्याटप्प्याने घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत) या तपासणीला गुण कसे विभागता? आणि सावळ्या त्वचेवरच्या चट्ट्यांची, रुग्णाच्या संमतीने काढलेली छायाचित्रं शिकवायला कुणी देऊ शकेल का?