मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह टॅकल, सॅक कमी पण फिल्म चांगली. काय सांगू त्याला?

नमस्कार. इथे अमेरिकन फुटबॉल बघणारी आणि त्यातही लाइनचा खेळ कळणारी मंडळी आहेत हे सुपर बाउलच्या जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून इथेच विचारतो. थोडं लांबेल, पण मला नीट उत्तर हवंय.

मी मूळचा सांगलीचा. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनात मास्टर्स करतोय आणि तिथल्या फुटबॉल टीमच्या व्हिडिओ विभागात कामाला आहे. सामना झाला की प्रत्येक स्नॅप (चेंडू मागे दिला की सुरू होणारी एक चाल) वेगळा कापायचा, कितवा डाऊन (प्रयत्न), किती यार्ड हवे होते, समोर कोणती रचना होती, एवढं लिहून ठेवायचं. दोन हंगाम हेच केलं. त्यामुळे आमच्या एका डिफेन्सिव्ह टॅकलचा (बचावाच्या लाइनवर मधोमध खेळणारा) दोन वर्षांतला प्रत्येक स्नॅप माझ्या नजरेखालून गेलाय.

नाव देत नाही. कॉलेजात तिसरं वर्ष, वय 21. उंची सहा फूट एक इंच, वजन 135 किलोच्या आसपास, हात 32 इंच, म्हणजे या जागेसाठी आखूडच. या हंगामात सॅक, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू सुटण्याआधी पाडणं, अडीच. हायस्कूल संपून तीन वर्षं झाली की ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीला, नाव देता येतं, तसा तो पात्र आहे आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत त्याला ठरवायचंय. एनएफएलच्या सल्लागार समितीकडे विचारणा केली होती. ही समिती तीनच उत्तरं देते: पहिला राउंड, दुसरा राउंड, किंवा दोन्ही नाही. त्याला तिसरं आलं. त्यात तिसऱ्या राउंडपासून ते सातही राउंड संपून नाव न पुकारलं जाण्यापर्यंत काहीही येतं.

परवा रात्री तो आमच्या खोलीत आला आणि म्हणाला, "माझा प्रत्येक स्नॅप तू कापलायस. तुला काय दिसतं ते खरं सांग." घरी आई आणि दोन धाकटी भावंडं. एजंट व्हायला टपलेली माणसं रोज फोन करतात, ती सगळी "नाव दे" म्हणतात. इथले लोक अर्थातच "थांब" म्हणतात. मला त्यातून काही मिळायचं नाही, म्हणून त्याने मला विचारलं असावं. त्याला खोटी आशा दाखवायची नाही आणि उगाच घाबरवायचंही नाही. आठवड्याचा वेळ मागून घेतलाय.

आता मला जे दिसतं ते. एंड झोनच्या मागच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर त्याचं पहिलं पाऊल थक्क करणारं आहे. सेंटरचा (समोरच्या लाइनचा मधला, चेंडू मागे देणारा) हात चेंडूवरून सुटून वर येईपर्यंत हा त्याच्या छातीत असतो. माझे वडील तालमीतले. आखाड्याच्या कडेला बसून मी लहानपणी एकच गोष्ट हजारदा ऐकली: कंबर खाली ठेव, समोरच्याच्या खाली जा, मग तो कितीही जड असू दे. इथले लाइन कोच वेगळ्या शब्दांत तेच सांगत असतात. हा मुलगा ते करतो. दोघं मिळून ढकलत असतानाही त्याचे पाय मागे सरकत नाहीत, एक गुडघा टेकवून जागा धरतो. धाव अडवण्यात तो आमच्या टीममधला सर्वांत भरवशाचा आहे, यात मला शंका नाही.

प्रश्न पासचा आहे. आम्ही जो टाइट फ्रंट खेळतो त्यात लाइनवर तिघंच. दोन्ही बाजूचे आत सरकून समोरच्या लाइनच्या टोकाला असणाऱ्या टॅकलच्या आतल्या खांद्यावर, आणि हा बरोबर सेंटरच्या नाकासमोर. त्याचं काम दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळणं आणि दोन माणसं स्वतःवर ओढून घेणं, म्हणजे मागचे लाइनबॅकर मोकळे राहतात. क्वार्टरबॅकवर धावून जाणं हे त्याचं कामच नाही. पण त्याचं वजन आणि पहिलं पाऊल पाहता एनएफएलमध्ये त्याची जागा थ्री टेक्निकची वाटते, म्हणजे सेंटरच्या शेजारच्या गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, एकच फट आणि सुटायची मोकळीक. ते काम त्याने कॉलेजात जवळपास केलेलंच नाही. जे केलंच नाही ते जमेल की नाही हे कशावरून ओळखायचं?

हंगामातले अडीच सॅक ही त्याची मर्यादा की आमच्या पद्धतीची? आणि आखूड हातांचं किती मनावर घ्यायचं? एनएफएलमधला नावाजलेला डिफेन्सिव्ह टॅकल ॲरन डोनाल्ड, त्याचे हातही 33 इंचांच्या आतलेच होते, हे तो स्वतःच मला दोनदा ऐकवून गेला.

जाणकारांनी कृपया सांगा. शुक्रवारी त्याला उत्तर द्यायचंय.

प्रतिसाद

टेक्ससमध्ये हायस्कूलच्या मुलांना लाइन शिकवतो, बारा वर्षं झाली. स्काउट नाही, पण आमची काही मुलं पुढे कॉलेजात खेळली, त्यामुळे हे प्रश्न पुष्कळदा समोर आलेत.

आधी डोनाल्ड बाजूला ठेव. जेमतेम सहा फूट एक इंच, 285 पौंड, हात 32 आणि पाच अष्टमांश इंच, हे सगळं बरोबर. पण त्याच माणसाने 2013 मध्ये पिट्सबर्गकडून 28.5 टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) लाइनच्या मागे केले, 11 सॅक काढले, मग कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) 40 यार्ड 4.68 सेकंदांत धावला. एवढं करूनही 2014 मध्ये तो तेरावा गेला. पुढे तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू झाला. लहान अंगाच्या प्रत्येक मुलाला त्याचं उदाहरण दिलं जातं आणि त्याने मुलांचं नुकसान होतं, कारण अंग सारखं असतं, बाकी काहीच सारखं नसतं. त्यापेक्षा ग्रेडी जॅरेट दाखव. क्लेमसनचा, उंचीमुळे 2015 मध्ये पाचव्या राउंडपर्यंत घसरला, 137वा गेला, आणि दोन वर्षांत सुपर बाउलमध्ये टॉम ब्रेडीला तीनदा पाडलं. रस्ता आहे, पण तो मागच्या दाराने आत जातो.

"नोजला (सेंटरच्या नाकासमोर) खेळतो म्हणून सॅक नाहीत" हे अर्धंच खरं. क्विनेन विल्यम्स 2018 मध्ये अलाबामाकडून नोजला खेळूनच 8 सॅक आणि 19.5 टॅकल मागे काढून गेला, म्हणून तिसरा उचलला. अर्थात अलाबामाची बाकीची लाइनही तशीच होती. उलट व्हिन्स विलफोर्कने तेरा हंगामांत जेमतेम 16 सॅक काढले आणि तरी न्यू इंग्लंडच्या बचावाचा तो खांब होता. तेव्हा सॅक मोजणं सोड, संधी मोज.

म्हणजे असं. त्याचे पासचे सगळे स्नॅप काढ. त्यातून स्क्रीन (लाइनला पुढे येऊ देऊन टाकलेला आखूड पास) वगळ. प्ले ॲक्शन (धावेचं सोंग करून टाकलेला पास) वगळ, कारण तिथे तो आधी धाव अडवायला जातो आणि तेच बरोबर आहे. आरपीओ (धाव की पास हे क्वार्टरबॅकने चाल सुरू झाल्यावर ठरवणं) वगळ. कॉलेजच्या नियमात पासवर लाइनमनला तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच, त्यामुळे कॉलेजात आरपीओ फार आणि चेंडू इतक्या लवकर सुटतो की देवही क्वार्टरबॅकपर्यंत पोचणार नाही. शेवटी ज्यात त्याच्यावर दोघं होते तेही बाजूला काढ. उरतील ते त्याचे खरे स्नॅप: एक माणूस समोर, क्वार्टरबॅक मागे उभा, आणि हा सुटलेला. थोडेच उरतील, चालेल. प्रत्येकात बघ की गार्डला हरवलं का, किती वेळात, आणि पहिला डाव अडला तर दुसरा आहे का. हा दुसरा डाव सर्वांत महत्त्वाचा. पहिलं पाऊल देवाचं असतं, दुसरा डाव शिकावा लागतो.

आणि हे स्नॅप समोरची टीम बघून वेगळे कर.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. एक भर घालतो, उलट्या बाजूने. व्हर्नन घोल्स्टन, ओहायो स्टेट. शेवटच्या वर्षी 14 सॅक, कम्बाइनला 225 पौंड 37 वेळा उचलले, 2008 मध्ये जेट्सने सहावा घेतला. तीन हंगामांत एकही सॅक नाही. कॉलेजात हात जमिनीला टेकवून खेळायचा, तिथे उभं राहून खेळायला लावलं. पद्धत बदलली की आकडे सोबत येतीलच असं नाही, मग ते अडीच असोत की चौदा.

शिवाय वय बघा. कोविडमुळे 2020 च्या हंगामाचं जादा वर्ष मिळाल्यामुळे गेली काही वर्षं चोवीस-पंचवीसची मुलं अठरा-एकोणीसच्या पोरांना लोळवत होती. तुमचा मुलगा एकवीसचा आहे आणि तीच त्याची खरी जमेची बाजू आहे. एक वर्ष थांबला तरी बावीस. शिवाय 2021 च्या जुलैपासून मुलांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, म्हणजे थांबणं पूर्वीसारखं उपाशी राहणं नाही. घरची स्थिती सांगितलीत म्हणून लिहितो: त्याला थांबण्याचे किती मिळतील हा आकडा आधी हातात घ्या, मग ड्राफ्टचं बोला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन रात्री बसून सांगितल्याप्रमाणे काढलं.

पूर्ण हंगामात त्याचे असे खरे स्नॅप उरले 61. मला दीडशेतरी वाटले होते. या 61 मध्ये त्याने समोरच्याला स्पष्ट हरवलं 12 वेळा, त्यात क्वार्टरबॅकला हलायला लावलं 7 वेळा. इथपर्यंत मी खूश होतो. मग टीमप्रमाणे वेगळे केले. ज्यांच्या लाइनवर उद्या एनएफएलमध्ये दिसतील अशी माणसं आहेत, अशा दोनच टीमशी आम्ही खेळलो. त्यांच्याविरुद्ध 14 स्नॅप. जिंकला 1.

ते 14 मी इतक्यांदा पाहिलेत की डोळे मिटले तरी दिसतात. पहिलं पाऊल तिथेही तेवढंच जलद आहे. तो गार्डच्या बाहेरच्या खांद्याशी पोचतो. पण गार्डचे हात याच्या छातीवर आधी लागतात, आखूड हातांचा फटका नेमका इथे बसतो, आणि एकदा धरला गेला की हा ढकलतच राहतो. हात झटकून टाकत नाही, आत वळत नाही. कमजोर टीमपुढे ढकलणं पुरतं, म्हणून दुसरा डाव शिकायची वेळच आली नाही. वडिलांना फोनवर वर्णन करून सांगितलं, त्यांनी फुटबॉल कधी पाहिलेलं नाही. म्हणाले, "पोरगं पट चांगला काढतंय, पण पकड तोडायला कुणी शिकवलेलं दिसत नाही."

माझं मत असं झालंय: आज नाव दिलं तर धाव अडवणारा म्हणून शेवटच्या राउंडांत कुणीतरी घेईल, किंवा घेणारही नाही. हात लांब होणार नाहीत, पण हात सोडवणं एका वर्षात शिकता येतं, आणि पुढच्या हंगामात त्याला थोडे तरी स्नॅप थ्री टेक्निकला मिळाले पाहिजेत. हे आमच्या कोचकडे त्यानेच मागायला हवं, किंवा जिथे मिळेल तिथे जायला हवं.

प्रतिसाद

(टेक्ससवाला) बरोबर वाचलंस. एक सूचना: निष्कर्ष आधी सांगू नकोस. 61 स्नॅप टीमप्रमाणे लावून त्यालाच बघू दे. लाइनवरची मुलं स्वतःच्या फिल्मशी फार प्रामाणिक असतात. आणि डोनाल्डचं बघायचंच असेल तर सॅक बघू नका, त्याचे हात बघा. समोरच्याचे हात अंगाला लागायच्या आत तो ते खाली मारतो. तेवढं एकच शंभरदा दाखव.

धागाकर्ता

काल दाखवलं. मी काही बोललो नाही. आधीचे 47 पाहताना तो हसत होता, मित्राला फोन करून एक दाखवलाही. मग ते 14 लावले. सहाव्यानंतर त्याने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि गार्डचे हात लागतात तिथे थांबवत थांबवत एकट्यानेच शेवटपर्यंत पाहिले. निर्णय अजून सांगितलेला नाही, आईशी बोलणार आहे. जाताना मात्र म्हणाला, उद्या पुन्हा येतो, ते 14 आधी लाव.

हात सोडवायचे, एकट्याने किंवा एका जोडीदारासोबत करता येतील असे सराव टेक्ससच्या दादांनी सांगितले तर उपकार होतील. लाइनच्या कोचला तो विचारेलच, पण उद्या रात्री माझ्याकडेही काहीतरी असावं.