शब्दचर्चा: आयुष्य ‘वाढवायचं’ की ‘लांबवायचं’?

विचारणा
माणसाला जास्त वर्षं जगता यावं, त्यासाठीच्या संशोधनाला पैसा आणि पाठिंबा मिळावा म्हणून झटणाऱ्या एका गटाचा लोगो बदलायचाय. काम माझ्या भाचीकडे आलंय. तिचे तीन कच्चे नमुने: अनंताचं चिन्ह, वाळूचं घड्याळ, स्वतःची शेपूट गिळणारा साप. खाली मराठी शब्द हवेत. तिला ‘अमर’, ‘चिरंजीव’ आणि ‘आयुष्य वाढवू या’ सुचलेत. मला सगळंच खटकतंय, का ते सांगता येत नाही.

नाशिकहून
ताई, ‘अमर’ आधी खोडा. ‘अमर रहे’ आपण गेलेल्या माणसासाठीच ओरडतो, आणि आमच्याकडे अमरधाम म्हणजे स्मशान! इंग्रजीतही हा शब्द जड गेलेला दिसतो. २००२ साली सुरू झालेल्या इमॉर्टॅलिटी इन्स्टिट्यूटने पुढे लाँजेसिटी हे नाव घेतलं, म्हणजे अमरत्वावरून दीर्घायुष्यावर आले.
‘चिरंजीव’ लिहिलंत तर लोक विचारतील, कोणाचे? पत्रिकेतला ‘चि.’ डोळ्यांपुढे येतो. शिवाय सात चिरंजीवांतला अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरतो, असं नर्मदा परिक्रमेहून आलेले अजून सांगतात. तसलं जगणं कोणाला हवंय?

साताऱ्याहून
खरा घोळ ‘वाढवणे’त आहे. फुटलं, तुटलं हे अशुभ म्हणून आपण उलटं बोलतो. बांगडी फुटली की ‘वाढवली’. नारळ फोडत नाही, वाढवतो. माझी आजी हातातून बांगडी फुटली की आधी ‘वाढली गं’ म्हणायची, मग काचा वेचायची. तिच्या कानाला ‘आयुष्य वाढवलं’ कसं लागलं असतं, बघा. आता इतकं कोणी मनात आणत नाही हे मान्य, पण ओळ लोगोखाली कायमची बसणार आहे.
वाळूचं घड्याळ तर नकोच. आपलं घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं. पाण्यात सोडलं की २४ मिनिटांत भरून बुडतं. लग्नाचा मुहूर्त त्यावर धरत. पण भाषेत काय उरलं? ‘घटका भरली’ आणि ‘शेवटच्या घटका मोजतोय’.

विचारणारी पुन्हा
मग ‘म्हातारपण लांबवू या’?

नाशिकहून
लग्न लांबवलं म्हणजे पुढे ढकललं, भाषण लांबवलं म्हणजे ताणलं. तुमचं म्हातारपण यातलं कोणतं? ग्रीकांच्या गोष्टीत ईऑस देवीने टिथोनससाठी झ्यूसकडे अमरत्व मागितलं, तारुण्य मागायचं राहिलं. तो नुसताच जीर्ण होत गेला. हे दुसऱ्या अर्थाचं लांबवणं! आणि बातम्यांमध्ये चोरटे मंगळसूत्र ‘लांबवतात’, ते वेगळंच. ‘लांबणीवर टाकू या’ म्हटलं तर अर्थ सरळ होतो, पण सरकारी फायलीचा वास येतो.

पुण्याहून
एक बारीकशी दुरुस्ती. ‘आयुर्मान’ ही सरासरी, ‘आयुर्मर्यादा’ म्हणजे कमाल. फ्रान्सच्या जान काल्मां १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी वारल्या, ती आजवरची नोंदलेली कमाल. गटाला यातलं नेमकं काय वाढवायचंय ते आधी विचारा. अनंताचं चिन्ह (जॉन वॉलिस, १६५५) दोन्हींत बसत नाही. शिवाय ते आडवं पडलेलं इंग्रजी आठ वाटतं, आणि या गटाला आडवं पडलेलं काही परवडणार नाही.

साताऱ्याहून
माझं मत ‘औक्ष’ला. आयुष्य याच शब्दाचं घरात वापरून मऊ झालेलं रूप. ‘औक्षवंत हो’ म्हणताना कोणी वर्षं मोजत नाही आणि अमरत्वाचा दावाही करत नाही. औक्षण त्यातलंच. म्हणजे चिन्हही आपोआप मिळालं: निरांजन, आणि वारा लागू नये म्हणून बाजूला धरलेले दोन हात.

विचारणारी पुन्हा
शब्द पक्का, भाचीलाही आवडला. चित्र पाहून मात्र तिच्या बाबांनी विचारलं, “हे तर आयुर्विमा महामंडळाचं. हप्ता किती?” हात काढून टाकतेय, नुसती ज्योत ठेवते.